जुन्या फियाटचे मोनोग्राम, बीडिंग आणि ग्रिल: मुंबईत अस्सल भाग शोधायचे कसे

फियाटच्या इंजिनाला मुंबईत मरण नाही. पिस्टन, क्लच प्लेट, कार्ब्युरेटरचं किट, ब्रेकचे वॉशर या गोष्टी अजूनही विचारत गेलं की कुठून तरी निघतात. अडतं ते बाहेरच्या चकचकीत सामानापाशी. बॉनेटवरचा मोनोग्राम (गाडीच्या नावाचं धातूचं चिन्ह), दारांवरून जाणारी बीडिंगची पट्टी, ग्रिल, व्हीलकॅप, मागच्या दिव्याची क्रोमची चौकट, दाराचं हँडल आणि त्याखालची चकती यांच्यासाठी माणसं वर्षानुवर्षं फिरतात.

याचं कारण टॅक्सी. काळी-पिवळी पद्मिनी, म्हणजे फियाटच, शहरात इतकी वर्षं धावली की तिला चालतं ठेवणाऱ्या भागांचा धंदा टिकून राहिला. पण क्लचशिवाय टॅक्सी चालत नाही, मोनोग्रामशिवाय चालते. पट्टी निखळली की टॅक्सीवाला भोक पुटीने बुजवून वर काळा रंग मारायचा आणि पुढच्या भाड्याला निघायचा. त्यामुळे शोभेचं सामान कोणी जपलंच नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीच्या वयाला असलेल्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि कटिंगचा माल, म्हणजे मोडीत काढलेल्या गाड्यांचे सुटे भाग, येण्याची ती वाटही बंद झाली.

हा लेख फियाट ११०० किंवा पद्मिनी नुकतीच घेतलेल्यांसाठी आहे. अ‍ॅम्बेसेडर किंवा स्टँडर्ड हेराल्डवाल्यांनाही पद्धत हीच, दुकानं आणि परदेशातले पत्ते तेवढे वेगळे.

बाजारात जाण्याआधी: तुमच्या गाडीवर नक्की काय होतं?

नवखा माणूस थेट बाजारात जातो आणि “फियाटची ग्रिल आहे का?” असं विचारतो. दुकानदार एक ग्रिल काढून देतो, ती घरी येते आणि बसत नाही. “फियाट” ही एक गाडी नाहीच.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली कंपनी, कारखाना कुर्ल्याला. पन्नासच्या दशकात तिथून ११००-१०३ निघू लागली. पुढची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, उलटी उघडणारी. मुंबईत हिलाच डुक्कर फियाट म्हणतात. १९६४ पासून ११००डी आली, म्हणजे आपली डिलाइट. मधला थोडाच काळ तिला प्रीमियर प्रेसिडेंट म्हटलं गेलं आणि १९७४ पासून ती पद्मिनी झाली. शेवटच्या गाड्या २००१ च्या सुमाराच्या. डिलाइट ते पद्मिनी सांगाडा तोच, पण ग्रिल, दिवे, मोनोग्राम, पट्ट्या, डॅशबोर्ड बदलत गेले. प्रेसिडेंट हे नाव थोडाच काळ चाललं, म्हणून ते अक्षर दिसलं तर गाडी तुमची नसली तरी क्षणभर थांबून बघा. कोणाला तरी ते हवंच असतं.

तर पहिली पायरी: बॉनेट उघडा, डॅशच्या मागच्या पत्र्यावरची कंपनीची प्लेट स्वच्छ करून फोटो काढा आणि चॅसी नंबर व उत्पादनाचं वर्ष आरसी बुकाशी ताडून पाहा. नोंदणीचं वर्ष आणि उत्पादनाचं वर्ष वेगळं असू शकतं. डिसेंबरात बनलेली गाडी पुढच्या वर्षी नोंदली जाणं अगदी साधी गोष्ट.

दुसरं, पुरावे गोळा करा. कंपनीचं स्पेअर पार्ट्स कॅटलॉग मिळालं तर उत्तमच. त्यात प्रत्येक भागाचं सुटं चित्र आणि नंबर असतो. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरचे पुस्तकवाले, गिरगाव-दादरचे जुने रद्दीवाले आणि चोर बाजार या ठिकाणी अशी कॅटलॉगं, मॅन्युअलं अधूनमधून येतात. मालकाच्या हातात देतात ते छोटं पुस्तकही चालेल. जुन्या मासिकांतल्या जाहिराती बघा. पण माझा अनुभव विचाराल तर सगळ्यात उपयोगी पुरावा लग्नाच्या अल्बममध्ये असतो. सत्तरच्या दशकात वरातीला फियाट सजवायची पद्धत होती आणि फोटोग्राफर नवरा-नवरीला हमखास गाडीच्या पुढ्यात उभं करायचा. झेंडूच्या माळांच्या मधून ग्रिलची रचना, बंपरवरचे ओव्हरराइडर, साइड इंडिकेटर कुठे होता हे सगळं त्यात दिसतं. गाडी आधीच्या मालकाकडून घेतली असेल तर त्यांच्या घरी जाऊन, चहा पीत, अल्बम मागायला लाजू नका. “काकू, गाडीचा एखादा जुना फोटो आहे का हो?” म्हटलं की कपाटातून पिशवी निघतेच.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. “अस्सल” या बाबतीत फार कर्मठ होऊ नका. परमिट-कोट्याच्या त्या काळात नवी गाडी मिळायला वर्षं लागायची आणि मिळालेल्या गाडीला मालक हौसेने वरून सामान लावून घ्यायचे: सनवायझर, बंपर गार्ड, वेगळे व्हीलकॅप. ते कंपनीचं नव्हतं, पण त्या काळाचं होतं. अल्बममध्ये ते दिसत असेल तर मी ते काढणार नाही. शिवाय कारखान्यातही हाताशी असलेला माल लागायचा. एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत फरक निघाला तर लगेच एकीला खोटी ठरवू नका.

तिसरं काम भोकांचं. पट्टी किंवा मोनोग्राम गेला असेल तरी पत्र्यावर त्याची भोकं राहतात, कधी पुटीखाली दडलेली. रंग उतरवताना पेंटरला आधीच सांगून ठेवा की भोकं दिसली की थांब, बुजवू नको. त्यावर ट्रेसिंग पेपर धरून पेन्सिल घासा, भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा, कुठली बाजू पुढची ते बाणाने दाखवा आणि तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवून कापून घ्या. हा पुठ्ठा खिशात असला की बाजारात वाद घालावा लागत नाही. पट्टीच्या पाठचे खिळे पुठ्ठ्याच्या भोकांत बसले तर ती तुमची, नाहीतर दुकानदार काहीही म्हणो.

आणि गाडीवरचा मोडका, गंजका, अर्धा तुटलेला भाग फेकू नका. मेकॅनिकच्या पोऱ्यालाही तशी ताकीद द्या. तो नमुना आहे. नवा भाग मिळाल्यावरही तो डब्यात राहू द्या.

यादी करताना कंजूषपणा कुठे आणि हट्ट कुठे

प्रत्येक गोष्ट जुनी-अस्सल शोधण्यात अर्थ नाही. रबर तर कधीच नाही. काचेचं रबर, दाराचं रबर, दिव्याखालचं वॉशर हे चाळीस वर्षं न वापरता डब्यात पडून असलं तरी कडक होतं, चिरतं. नव्या रबराची पट्टी त्याच आकाराची मिळते, ती घ्या. पट्टी धरून ठेवणाऱ्या क्लिपा आणि स्पीड नटही नवे घ्यावेत.

हट्ट धरायचा तो ज्यावर अक्षर आहे, नक्षी आहे किंवा जे डोळ्यांसमोर राहतं त्यासाठी. मोनोग्राम, ग्रिल, व्हीलकॅप, डॅशवरची मीटरची चौकट, स्टीअरिंगच्या मधली टिकली, दिव्यांच्या काचा. कुशनचं कापड आणि छताचं अस्तर नव्याने करून घेता येतं, फक्त मूळ कापडाचा हातभर तुकडा सीटखालून कापून जपा. रंग आणि विणीचा पुरावा दुसरा मिळत नाही.

हातात आलेला तुकडा कशाचा आहे?

हे शिकल्याशिवाय एक पैसा खर्च करू नका. सगळं चमकणारं “क्रोम” नसतं. जुन्या गाडीवर निदान पाच प्रकार सापडतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

खिशात लोहचुंबक ठेवा. घट्ट चिकटला तर पोलादी पत्रा: बंपर, व्हीलकॅप यांत हे सापडतं. गंज वरवरचा असेल तर क्रोमवर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. तांबूस डाग बराचसा जातो आणि खाली किती शिल्लक आहे ते कळतं. पत्र्याला आरपार भोकं पडली असतील तर सोडून द्या.

चुंबक चिकटला नाही, किंवा जेमतेम चिकटला, आणि पट्टी पातळ, मागून पोकळ आहे, तर बहुधा स्टेनलेस स्टील. स्टेनलेसच्या काही जातींना चुंबक थोडाफार धरतो, तेव्हा नुसत्या चुंबकावर निकाल देऊ नका. रंग बघा, गंज बघा. स्टेनलेसची पट्टी हे नवख्यासाठी सगळ्यात सुरक्षित खरेदीचं सामान. वाकलेली असो, चेपलेली असो, मागून लाकडी ठोकळ्यावर हळूहळू ठोकून, बारीक पॉलिश पेपर मारून, बफिंग करून ती पुन्हा नव्यासारखी होते. प्लेटिंगचा खर्चच नाही. फक्त दुमडून घडी पडलेली पट्टी टाळा. घडीच्या जागी धातू ताणलेला असतो, तिथे रेघ राहतेच.

हलकी, पांढुरकी, फिकट चमक असलेली पट्टी अ‍ॅल्युमिनियमची. तिच्यावर अ‍ॅनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने चढवलेला संरक्षक थर असतो. हिला कोणी “क्रोम मारून देतो” म्हणाला तर हात जोडा. जुना थर कॉस्टिकने उतरवून, पॉलिश करून, पुन्हा अ‍ॅनोडाइझ करणं हाच मार्ग. तीच चमक आली तर ठीक, कारण क्रोमचा निळसर झगझगाट या पट्टीवर खोटा दिसतो.

जड आणि चुंबक न धरणारा तुकडा राहिला तर तो पितळ किंवा जस्ताचा. कुठेतरी क्रोम उडालेला असेल तिथे नखाने खरवडून बघा. पिवळसर दिसलं तर पितळ, आणि पितळ मिळालं तर नशीब समजा. ते कितीही वेळा प्लेटिंग सोसतं. राखाडी दिसलं तर जस्ताचं कास्टिंग, ज्याला कारागीर मझक म्हणतात. दाराची हँडलं, मोनोग्राम, दिव्यांच्या चौकटी यांत हेच जास्त.

मझकवर थोडं थांबतो, कारण पैसे बुडतात ते इथे. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो, एका मायक्रॉनच्याही आत, आणि त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. खरं संरक्षण त्याच्या खालच्या निकेल आणि तांब्याच्या थरांचं. मुंबईची खारी, ओली हवा त्या छिद्रांतून आत शिरते, जस्ताला गाठते आणि जस्त आतून फुगतं. वर क्रोम चकचकीत, पण त्यावर गोवर उठल्यासारखे बारीक फोड दिसतात. दुकानदार म्हणेल, “पॉलिश में निकल जाएगा.” निघत नाही. फोड म्हणजे वरची घाण नव्हे, खालचा खड्डा. मोनोग्रामच्या अक्षरांवर फोड कमी आणि खड्डे उथळ असतील तर काम होतं. अक्षराच्या कडा खाल्लेल्या असतील तर कितीही स्वस्त मिळो, तो नमुना म्हणूनच घ्यायचा.

शिवाय मझकचे मागचे खिळे ठिसूळ असतात. गाडीवरून काढताना नट गंजलेला असेल तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा आणि नटच कापा, खिळा पिरगळू नका.

आता बाजार

कुर्ल्याचा सीएसटी रोड आधी. कटिंगच्या मालाचा हा मोठा बाजार, पण आता तिथे बहुतेक नव्या गाड्यांचं सामान. फियाटचं सामान पुढे मांडलेलं नसतं. ते माळ्यावर, गोणीत, गाळ्याच्या मागे असतं. दुकानात शिरून “फियाट का कुछ है?” विचारलं तर उत्तर “नहीं” येतं, कारण दिवसातून बरेच जण तेच विचारतात आणि घेत कोणीच नाही. त्यापेक्षा पुठ्ठा आणि मोडका नमुना काउंटरवर ठेवा. “चाचा, ये वाला चाहिए, लेफ्ट साइड का. आज नहीं तो जब मिले तब.” नमुना पाहिला की माणूस उठतो. नाही मिळालं तर नमुन्याचा फोटो त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा आणि महिन्याभराने पुन्हा चक्कर मारा. फोनवर विचारत बसू नका. फोनवर कोणी माळ्यावर चढत नाही.

ऑपेरा हाउसच्या परिसरातली स्पेअर पार्टची दुकानं वेगळ्या स्वभावाची. तिथे कटिंगचा माल नाही, पॅकबंद माल मिळतो. जुन्या दुकानांत कधीकाळी मागवलेला आणि न विकलेला माल पडून असू शकतो. अशा कोऱ्या जुन्या मालाला डेड स्टॉक म्हणा, दुकानदाराला लगेच कळतं. खोक्यावर कंपनीचा भाग क्रमांक असेल तर कॅटलॉगशी जुळवा. इथे सकाळी उघडल्या उघडल्या जाऊ नका. बोहनीच्या वेळी अवघड गिऱ्हाईक कोणाला नको असतं. दुपारी जेवणानंतर शेठ निवांत असतात.

चोर बाजार, म्हणजे मटण स्ट्रीट आणि आजूबाजूच्या गल्ल्या. ग्रँट रोड किंवा सँडहर्स्ट रोडला उतरून चालत जाता येतं. शुक्रवारी पक्की दुकानं बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. टॉर्च घेऊन जाणारी माणसं दिसतील, ती उगीच नाहीत. शोभेच्या वस्तू म्हणून विकल्या जाणाऱ्या मोनोग्रामचे भाव इथे सगळ्यात चढे, कारण गिऱ्हाईक गाडीवाला नसतो, हॉटेलच्या भिंतीवर टांगणारा असतो. पण दिव्याच्या काचा, हँडलं, मीटर अशा न दिखाऊ गोष्टी स्वस्तात मिळून जातात. शेजारच्या भेंडी बाजारात मोठा पुनर्विकास चालू असल्याने त्या भागातले जुने पत्ते हलले आहेत. कोणी दहा वर्षांपूर्वीचं दुकान सांगितलं तर आधी खात्री करा.

टॅक्सी गॅरेजं विसरू नका. टॅक्सीवरून निघालेल्या भागांकडे लोक नाक मुरडतात. हँडलं झिजलेली असतात हे खरं, पण काळ्या रंगाचे थर चढलेली पट्टी किंवा चौकट रंग उतरवल्यावर खाली बरी निघू शकते. डाव्या बाजूच्या पुढच्या भागाला मीटरसाठी पाडलेली भोकं आणि टपावरच्या कॅरिअरमुळे दबलेली पावसाळी पन्हळ तेवढी बघून घ्या.

ज्याचा कोणी विचार करत नाही अशी जागा म्हणजे निवृत्त कामगार. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्याला होता आणि कल्याण-डोंबिवलीकडेही एक होता. त्या पट्ट्यात प्रीमियरमध्ये उमेदीची वर्षं घालवलेली मंडळी आजही आहेत. त्यांच्याकडे भाग असतीलच असं नाही, पण माहिती असते: अमुक साली पट्टी स्टेनलेसची होती की अ‍ॅल्युमिनियमची, अमुक दिवा कोणत्या पुरवठादाराचा. ओळखीतून जा, गाडी घेऊन जा. काकांना मागे बसवून एक फेरी मारलीत तर कॅटलॉगमध्ये नसलेल्या चार गोष्टी कळतील. त्यांच्याकडून काही मिळालं तर पैसे विचारताना सांभाळून, नाहीतर माणूस दुखावतो.

मुंबईच्या बाहेरही पाहा. पुणे, कोल्हापूर, सांगली, नाशिक, सोलापूर या शहरांतल्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत अजून मुंबईच्या शिकाऱ्यांचा हात फारसा फिरलेला नाही. गावी जाताना एक तास त्यासाठी ठेवा.

आणि माणसं. विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया हा क्लब मुंबईतलाच. त्यांच्या हॉर्निमन सर्कलच्या रॅलीला गाड्या बघायला जावंच, पण चालकाशेजारी बसलेल्या मेकॅनिकशी बोलायला जास्त जावं. मालकाला गाडीचा इतिहास माहीत असतो, मेकॅनिकला पट्टी कुठून आणली ते.

परदेशातून मागवताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ११००डी इटलीत १९६२ ते १९६६ या काळात बनली, तेव्हा तिचं सामान तिकडे सापडतं. अ‍ॅम्बेसेडरचं मूळ मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३, हेराल्डचं ट्रायम्फ, त्यांच्यासाठी इंग्लंड. पण तिकडची फियाट डाव्या स्टीअरिंगची, म्हणून डॅशबोर्ड, वायपर यांच्याशी संबंधित काहीही मागवू नका. बाहेरच्या पट्ट्या, हँडलं, चौकटी चालू शकतात, तेही विक्रेत्याकडून भोकांच्या अंतराचा मोजपट्टी ठेवलेला फोटो मागवल्यावरच. सीमाशुल्क नुसत्या मालाच्या किमतीवर नाही, वाहतूक खर्च धरून लागतं, हे आधीच हिशेबात घ्या. टपालाने आलेलं पार्सल अडकलं तर बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसची वाट धरावी लागते; बिल आणि ओळखपत्र सोबत ठेवा.

डुप्लिकेट पकडायचा कसा

मोनोग्रामच्या नकला भरपूर आहेत आणि काही फार सुबक असतात. मोजपट्टी, जमलं तर व्हर्नियर (बारीक मापं घेण्याचं साधन), इथे कामाला येतं. अस्सल तुकड्यावरून साचा काढून पितळ ओतलं की थंड होताना ते साधारण दीड टक्का आकसतं. २०० मिलिमीटर लांबीच्या अक्षरपट्टीत म्हणजे ३ मिलिमीटर कमी. डोळ्यांना कळत नाही, पण मागचे खिळे तुमच्या पुठ्ठ्याच्या भोकांत शिरत नाहीत. नकली माल पकडला जातो तो बहुतेक इथेच, म्हणून पुठ्ठ्याचा एवढा आग्रह धरला.

मग उलटून बघा. कारखान्यातल्या डायमध्ये, म्हणजे धातूच्या साच्यात, बनलेल्या तुकड्याची पाठ गुळगुळीत असते, त्यावर पिनांच्या गोल खुणा आणि पुष्कळदा उठावदार नंबर असतो. वाळूच्या साच्यातल्या नकलेची पाठ खरबरीत, खिळे नंतर डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून, लावलेले. पुढच्या बाजूला अक्षरांच्या कडा बोथट. दिव्याच्या काचेवर बनवणाऱ्याचं नाव किंवा खूण उठावात असते. ती नसेल किंवा पुसट असेल तर भाव त्या हिशेबाने.

नक्कल घेणं पाप नाही. अस्सल मिळेपर्यंत गाडीवर लावायला ती उत्तम. फक्त नकलेचा भाव नकलेचाच द्या.

भाव करताना एक पथ्य: हवी असलेली वस्तू पहिल्यांदा उचलू नका, आणि डोळ्यांत चमक दिसू देऊ नका. पण खूप घासाघीसही करू नका. या धंद्यात दुकानदार मोजके आहेत आणि तुम्हाला त्यांच्याकडे पुन्हा जायचं आहे. जोडी असेल तर जोडीच घ्या. डावं हँडल आज आणि उजवं “बाद में” असं होत नाही, आणि झालंच तर दोन्हींची चमक जुळत नाही.

पावती, आणि काय अजिबात घ्यायचं नाही

रस्त्यावर उभ्या जुन्या गाड्यांचे व्हीलकॅप आणि मोनोग्राम रातोरात जातात, आणि ते कुठेतरी विकले जातात. चोरीचा माल जाणून-बुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पक्कं बिल मिळालं तर छान, नाहीतर दुकानाच्या शिक्क्यासह साध्या कागदावर वस्तूचं वर्णन, तारीख आणि सही घ्या. पैसे शक्यतो यूपीआयने द्या, नोंद राहते. जो विक्रेता दुकान दाखवत नाही, फक्त पुलाखाली भेटायला बोलावतो, त्याच्याकडून घेऊ नका.

दुसऱ्या गाडीची चॅसी नंबरची प्लेट, इंजिन नंबरचा तुकडा किंवा आरसी बुक “सजावट म्हणून” विकायला येतं. हात लावू नका. त्यातून फक्त त्रास निघतो.

गाडीच्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील तर केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत आणि नंबरात “व्हीए” ही अक्षरं. चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत, ही त्यातली मुख्य अट. अशी नोंदलेली गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं अशाच कामांसाठी ती रस्त्यावर आणता येते. तेव्हा गाडी रोज वापरायची असेल तर या वाटेला जाण्याआधी विचार करा.

क्रोमवाल्याकडे देताना

साकीनाका, भांडुप, वसईच्या औद्योगिक गाळ्यांत प्लेटिंगवाले आहेत. बहुतेकांचं रोजचं काम नळ आणि फर्निचरच्या फिटिंगचं. गाडीचे भाग करणारा शोधा आणि त्याचं जुनं काम हातात घेऊन पाहा, सपाट भागावर नाही तर अक्षरांच्या बेचक्यांत. तिथे बफिंगवाल्याचा हात कळतो. जोर लावून बफ मारला की अक्षरं वितळल्यासारखी गोल होतात आणि ती परत आणता येत नाहीत.

मझकचा तुकडा देताना तोंडाने आणि चिठ्ठीवर, दोन्हीकडे सांगा की हे जस्त आहे. जुना क्रोम उतरवायला अ‍ॅसिडच्या टाकीत सोडण्याची सवय असते आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये जस्त विरघळतं. मोनोग्राम टाकीत जातो आणि बाहेर येताना अर्धाच येतो. आधी तांबं, खड्डे भरून पुन्हा घासणं, मग निकेल, मग क्रोम असा क्रम ठरवून घ्या. “डायरेक्ट निकेल मारतो” म्हणणाऱ्याला जस्त देऊ नका. घरी क्रोम मारण्याचे व्हिडिओ बघून तो उद्योग करू नका, त्यातली रसायनं विषारी आहेत.

देण्याआधी प्रत्येक तुकड्याला तांब्याच्या तारेने नंबर बांधा, पुढून-मागून फोटो काढा, यादीच्या दोन प्रती करून एकीवर सही घ्या. छोटे तुकडे हरवण्याचं प्रमाण क्रोमच्या गाळ्यात सगळ्यात जास्त.

बसवणं आणि ठेवणं

नवीन रंगावर पट्टी बसवताना रंग वाळायला पुरेसा वेळ द्या, पेंटरला विचारूनच हात लावा. भोकाच्या कडेला रंग नसतो, तिथे आधी प्रायमरचा थेंब सोडा, नाहीतर पहिल्या पावसात पट्टीखालून तांबडी रेघ उतरते. पोलादी पत्रा आणि अ‍ॅल्युमिनियमची पट्टी थेट एकमेकांना टेकू देऊ नका, मध्ये पातळ रबर किंवा सीलंट हवा. मझकचे नट बोटाने फिरवा आणि पान्याने फक्त शेवटचा पाव आटा द्या. खिळा तुटला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

जे भाग इतक्यात बसवायचे नाहीत ते सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवा. जून ते सप्टेंबर डबा जमिनीवर नको आणि बाल्कनीत तर नकोच. डब्यावर भागाचं नाव, कोणती बाजू, कुठून आणि केव्हा घेतला, धातू कोणता, एवढं पक्क्या शाईने लिहा. जादा झालेले तुकडे वेगळ्या डब्यात काढा आणि त्याची यादी ओळखीच्या फियाटवाल्यांना पाठवून द्या. तुमच्या उजव्या हँडलची वाट पाहणारा कोणीतरी असतो, आणि त्याच्याकडे तुम्हाला हवी असलेली पट्टी असू शकते.